घामपट्टीमागचा कागद

माझ्या भावाने लग्न केलं नाही, घर घेतलं नाही, हौसेने कधी कुठे फिरायला गेला नाही. त्याने टोप्या जमवल्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत. कधीच्या मरून गेलेल्या शिपायांच्या, ज्या पलटणींची नावंसुद्धा आता कुणाच्या तोंडी नाहीत अशा पलटणींच्या. एकूण एकशे तेरा. आकडा मला पाठ आहे, कारण गेली सोळा वर्षं त्या पुसायचं काम माझ्याकडे आहे.

आमचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मधला चिंचोळा बोळ. पुढच्या खोलीत काचेच्या दारांची तीन कपाटं, थेट छताला भिडलेली. टेबलाखाली खोकी, खोक्यांवर पुन्हा खोकी. माझे यजमान गेले आणि मी एक ट्रंक घेऊन इथे राहायला आले, तेव्हा दादाने मोठ्या मनाने माझ्यासाठी एक खण रिकामा केला. त्या खणातली उंच केसाळ टोपी त्याने माझ्या उशाशी असलेल्या फळीवर नेऊन ठेवली. पहिले सहा महिने सकाळी डोळे उघडले की कुणीतरी अंगावर वाकून बघतंय असं वाटून मी पांघरूण डोक्यावर ओढायची. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी कौतुकाने म्हणत नाही.

गल्लीत त्याला टोपीमास्तर म्हणतात. इस्त्रीवाला तर त्याला दर आठवड्याला विचारतो, मास्तर, सगळ्या जगाला टोप्या घालून झाल्या, आता स्वतःच्या टकलाचं काय? दादा हसतो. त्याचं अख्खं आयुष्य टोप्यांच्या कारखान्यात गेलं, त्यामुळे हे सगळे विनोद त्याचे ऐकून झालेले आहेत. कारखाना कसला, एक लांब पत्र्याची शेड. पहारेकरी, गाड्यांचे गार्ड, बँडवाले, मोटारी हाकणारे, अशा सगळ्यांच्या टोप्या तिथे व्हायच्या. लाकडी डोक्यांच्या रांगा मांडलेल्या, त्यांवर वाफ देऊन कापड ताणायचं, कपाळावरच्या चोचीसाठी पुठ्ठा कापायचा, आणि सगळ्यात शेवटी आतून चामड्याची पट्टी शिवायची. तिला तो घामपट्टी म्हणतो. छत्तीस वर्षं त्याने मुख्यतः घामपट्ट्या शिवल्या. डाव्या अंगठ्याचं नख त्या सुईपायी कायमचं काळं पडलं आहे.

जुन्या टोप्यांचं वेड त्याला लागलं तेही या पट्टीपायीच. एका बँडवाल्याने नमुना म्हणून कुठल्याशा भंगारातून शिपायाची एक जुनी टोपी आणली होती, हुबेहूब अशीच करून द्या म्हणून. शिवण कशी घातलीय ते बघायला दादाने पट्टी उलटली, तर मागे घडी घातलेला कागद. पोराच्या वहीतलं पान होतं, एकाच अक्षराच्या चार ओळी गिरवलेल्या. झालं. त्या दिवसापासून आमचा दादा आमचा राहिला नाही.

त्यामागची गोष्ट तो येईल त्याला सांगायचा, म्हणून मलाही सांगता येते. सैन्याकडे टोपीची मापं तीन असायची, लहान, मध्यम आणि मोठी. डोकी मात्र हजार तऱ्हेची. ज्याच्या वाट्याला ढिली टोपी आली तो पट्टीमागे हाताला लागेल ते कोंबायचा. चिंधी, गवत, बायकोचं पत्र, औषधाची पुडी, काहीही. मोठमोठे संग्रह करणारे टोपीच्या पुढचा पितळी बिल्ला बघतात, घोडा आहे की सिंह आहे, कुठल्या राजाचा आहे. दादा टोपी हातात घेतली की आधी पालथी करायचा. तो म्हणायचा की बाहेरून टोपी सरकारची असते, आतून शिपायाची. उंच टोप्या माणूस दांडगा दिसावा म्हणून काढल्या आणि पावसात भिजल्या की मान मोडायची. भेंडाच्या टोप्या उन्हासाठी. लोखंडी आल्या त्या वरून तोफगोळ्यांचे तुकडे बरसायला लागल्यावर. हे सगळं तो पाहुण्यांना सांगायचा, पण त्याचा जीव आतल्या कागदात. प्रत्येक टोपीला एक कार्ड आणि कार्डावर त्याला जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच. डोक्याचं माप अमुक. घाम उजवीकडे जास्त. आत कागद, उघडलेला नाही. जे ठाऊक नाही तिथे तो रेघ मारून सोडायचा. काही कार्डांवर रेघाच रेघा आहेत.

आता माझं सांगते. मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होते. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे आवाज ऐकायचे, जोडून द्यायचे, तोडायचे. ज्याला वाटतं की बसून करायचं काम, सोपं असेल, त्याने एक दिवस करून बघावं. घरी आलं की मला माणसाचा आवाज नको व्हायचा. यजमानांना ते कळायचं, ते पेपर वाचत बसायचे. दादाला कळायचं नाही. मी निवृत्त होऊन इथे आले तेव्हा त्याला इतक्या वर्षांनी हक्काचा कान मिळाला. चहाला टोपी, जेवताना टोपी, भाजी निवडताना टोपी. मी हूं हूं करायची. हूं कुठे म्हणायचं आणि अगंबाई कुठे म्हणायचं, हे ऑपरेटरला न ऐकताही जमतं. तशी मी बारा वर्षं काढली.

त्या एकशे तेरांत एक टोपी त्याच्या काळजाचा तुकडा होती. दिसायला अगदी दरिद्री. काळ्या दाबलेल्या लोकरीचं जाड फेल्ट, चोच तडकलेली, बिल्ला गळून पडलेला. नदीपलीकडे कधीकाळी एक चौकी होती, तिथली. छापील इतिहासात त्या चौकीवर सव्वा ओळ आहे, की शत्रू आला तेव्हा चौकी रिकामी होती, पहाऱ्यावरचे अकरा शिपाई दोन दिवस आधीच पळून गेले होते. आणि या टोपीच्या घामपट्टीमागे दादाला त्या चौकीची पहाऱ्याची यादी सापडली होती. खाली शिक्का आणि तारीख. तारीख शत्रू आला त्याच दिवसाची. अकरा नावं, प्रत्येकापुढे पहाऱ्याची वेळ आणि पहिल्या आठांपुढे पहारा संपल्याची खूण. शेवटच्या तिघांपुढे खूण नाही. म्हणजे ते अकराही जण पळाले नव्हते, उभे होते.

हे त्याने मला निदान शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा हूं म्हटलं असेल.

त्याने ती यादी एकदा फोटोवाल्याकडे नेली होती. दिव्याखाली उलगडताना एक कोपरा तुटला, आणि दादा असा धास्तावला की त्याने ती तशीच मिटून घरी आणली. मग मान मोडून आपल्या वहीत तिची हुबेहूब नक्कल उतरवली, डागांसकट, तुटक्या कोपऱ्यासकट, आणि कागद पुन्हा जिथे सापडला तिथे ठेवून दिला. शहरातल्या वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. अशी नऊ पत्रं. आणि घरात नियम केला की टोप्या बाहेरून मऊ ब्रशने झाडायच्या, आत हात घालायचा नाही.

चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो अठरा दिवस इस्पितळात होता. तेव्हा मधल्या कपाटाच्या खालच्या खणात मला कसर दिसली. चंदेरी, सळसळणारी. माझी शाल त्याच कपाटात होती, तिला भोकं. मी चिडले. खणातल्या नऊ टोप्या टेबलावर काढल्या आणि पट्ट्यांमागचा सगळा कुजका कचरा चिमट्याने ओढून काढला. आकार बिघडू नये म्हणून ताज्या वर्तमानपत्राच्या घड्या करून आत बसवल्या. खण पुसला, डांबरगोळ्या ठेवल्या. एक तपकिरी कागद बोटांत धरताच भुगा झाला, तो मी केरात लोटला. स्वच्छ खण बघून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

काय केलं ते मला कळलं पाच महिन्यांनी. कुणी एक निवृत्त इतिहासाचे मास्तर टोप्या बघायला आले होते. दादाने मधलं कपाट उघडलं, ती काळी टोपी दोन्ही हातांवर घेतली आणि पट्टीच्या कडेला दिसणारी कागदाची किनार त्यांना दाखवून म्हणाला, अकरा माणसं आहेत इथे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचं बोलणं अथपासून इतिपर्यंत ऐकलं. त्याची नजर तोवर खूपच अधू झाली होती. किनार कागदाची होती एवढंच त्याला दिसत होतं.

सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षं गेली, आणि या चार वर्षांत तो त्या वर्तमानपत्राला इतका जपला की बघून मला रडू यायचं. ट्रेसकट उभी राहायची मी, पाहुणे आले की.

मग गेल्या महिन्यात संग्रहालयाचं उत्तर आलं. तिथे नव्या बाई आल्या होत्या, त्यांनी जुनी पत्रं चाळली होती. गुरुवारी सकाळी स्वतः येते, यादी मूळ असेल तर छापील नोंद दुरुस्त करण्याची शिफारस करता येईल, असं लिहिलं होतं. दादाने मला ते पत्र तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तो हात जोडून बसला होता. कुणाला जोडले होते कोण जाणे.

मी पत्र खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. तो कागद मीच काढून टाकला म्हणून. कसर, शाल, इस्पितळ, सगळं.

तो ओरडला नाही. उठला, भिंतीला धरत कपाटापाशी गेला, टोपी आणली, आणि आयुष्यभर ज्या हाताने पट्ट्या शिवल्या त्या हाताने पट्टी उलटून माझी घडी बाहेर काढली. भिंग लावून वाचली. गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती, जुनी गादी द्या आणि नवी घेऊन जा. ती त्याने पूर्ण वाचली, पत्त्यापर्यंत. मग टोपी डोक्यावर ठेवून पाहिली. कागदाशिवाय ती त्याच्या भुवयांपर्यंत उतरली. तशीच घालून तो म्हणाला, चहा कर.

पुढचे तीन दिवस घरात कुणीच बोललं नाही. ज्या शांततेसाठी मी बारा वर्षं आसुसले होते ती मिळाली, आणि मला ती खायला उठली. भाजी निवडताना मी दोनदा विनाकारण हूं म्हटलं.

मंगळवारी मला सुचलं ते सांगते, लाज वाटते तरी. मोडीत निघालेल्या टोप्यांतले जुने कोरे-अर्धेकोरे कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होते, त्याच काळातले. माझं अक्षर जुन्या वळणाचं, शाळेत बक्षीस मिळालेलं. वहीत नक्कल होतीच. मी म्हटलं, "दादा, मी उतरवून देते. खोटं काय आहे त्यात? नावं खरी, तारीख खरी. शिक्का पुसट होता म्हणून सांगू."

त्याने ड्रॉवरकडे पाहिलं. चांगलं मिनिटभर पाहिलं. मला वाटलं हो म्हणतोय.

"आणि बाकीच्या एकशे बारांचं काय?" तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्याने थकलेल्या आवाजात सांगितलं की एका कार्डावर खोटं लिहिलं की उरलेल्या सगळ्या कार्डांवरच्या रेघासुद्धा खोट्या होतात. एवढं बोलून तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

गुरुवारी बाई आल्या. चाळिशीच्या असतील, हातात चामडी बॅग, कापडी हातमोजे, बोलणं मृदू. त्याला काका म्हणाल्या, मला मावशी. आधी त्यांनी सगळी कपाटं पाहिली आणि कार्डं वाचली. कितीतरी कार्डं वाचून झाल्यावर म्हणाल्या की इतकी प्रामाणिक रेघ त्यांनी कुठल्या नोंदवहीत पाहिली नाही. दादा लहान मुलासारखा लाजला. मग काळी टोपी समोर आली आणि त्याने सरळ सांगितलं की यादी नाही, गेली, नक्कल आहे.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही घेतली, भिंगातून बघितली, डागांच्या कडा, तुटका कोपरा. मग म्हणाल्या की नक्कल हा पुरावा धरत नाहीत, पण अगदीच टाकूनही देत नाहीत. मूळ कागद कसा गेला, कुणी, कधी आणि का काढला, याचं निवेदन विश्वास बसण्यासारखं असेल तर नक्कल त्यासोबत नोंदवता येते. त्यांनी बॅगेतून एक छापील फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, कागद कुणी काढला?

मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "मी काढला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सबंध आयुष्यात ज्याने ठाऊक नाही तिथे रेघ मारली, तो माणूस माझ्यासमोर, माझ्यासाठी, धडधडीत खोटं बोलत होता. मान खाली, काळ्या नखाने टेबलाची कड खरवडत.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "काका, तुम्हाला तर त्याचं मोल ठाऊक होतं. नऊ पत्रं लिहिलीत तुम्ही. मग तुम्हीच कसा काढलात?"

"कसर लागली होती," दादा म्हणाला. "साफसफाई करताना गेला."

"तुमच्या हातून?"

बाईंनी पेन फॉर्मवर ठेवलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांतला मघाचा विश्वास जाताना मला स्वच्छ दिसला. आणि मला कळलं की हा मला वाचवायला निघालाय आणि त्या अकरा जणांना परत एकदा पळपुटे ठरवतोय. त्यालाही ते कळत असणार. तरी तो शब्द मागे घेईना.

"तो खोटं बोलतोय," मी म्हणाले. "मी काढला."

दादा म्हणाला, "तू गप्प बस."

"चार वर्षं गप्पच होते," मी म्हणाले, आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, मी इस्पितळाचे कागद आणून दाखवले. कसरीने खाल्लेली शाल दाखवली. गाद्यांची जाहिरातही दाखवली, तिच्यावर तारीख होतीच. बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. संग्राहक इस्पितळात असताना त्यांच्या भगिनीने स्वच्छता करताना सदर कागद अनवधानाने काढला.

"अनवधानाने नाही," मी म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं.

"त्या दिवशी संध्याकाळी मी इस्पितळात जाणार होते. आधी त्याला विचारावं की आतले कागद काढू का, असं मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर तासभर ऐकत बसावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. मला त्याच्या टोप्यांचा कंटाळा आला होता. फार कंटाळा आला होता. तसंच लिहा."

बाई दादाकडे बघू लागल्या. मी बघितलं नाही, माझं धाडस झालं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हाताशी त्याचा तो टोप्यांचा फडकाच होता.

"लिहा," दादा म्हणाला. "खरं आहे ते. मलाही येतो कंटाळा. छत्तीस वर्षं पट्ट्या शिवल्या, घरी येऊन पुन्हा पट्ट्याच उलटल्या. येणारच."

बाईंनी शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि मला सही करायला सांगितली. निवेदन ठीक आहे, त्या म्हणाल्या, नक्कल नोंदवायला पाठवते, पुढचं वरच्यांच्या हातात. मग नावं त्यांच्या फॉर्मवर उतरवून घ्यायची होती. दादाने वही डोळ्यांना लावली, दूर धरली, खिडकीकडे वळवली. भिंग धरूनही त्याला त्या बारीक हस्ताक्षरातलं एक अक्षर लागेना. वही त्याने टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

मी चष्मा पुसला आणि पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. प्रत्येक नावानंतर दादा हळूच हूं म्हणत होता. अकराव्या नावाशी माझा आवाज बसला, तेव्हा तो म्हणाला, पाणी पी आणि पुन्हा नीट वाच, बाईंना ऐकू आलं नसेल.